रेडिएटरमधली हळद

बाळांनो, जरा कल्पना करून बघा. मे महिना आहे, भर उन्हात तुम्ही पळताय आणि अंगात लोकरीचा जाड स्वेटर आहे. काय होईल? घाम फुटेल. वाऱ्याची झुळूक आली की तो घाम सुकेल आणि अंग गार पडेल. आता समजा घाम यायचाच बंद झाला. पळणं मात्र थांबवता येत नाही. मग?

मग तुमचं जे होईल तेच गाडीच्या इंजिनाचंही होतं. त्याच्या पोटात डिझेल जळत असतं, मिनिटाला हजारो भडके उडत असतात. लोखंडाला घाम येत नाही, म्हणून माणसाने त्याच्याभोवती पाणी खेळवलं. ते पाणी इंजिनाची धग अंगावर घेतं, गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत येतं, तिथल्या अगदी बारीक, चपट्या नळ्यांमधून खाली उतरतं, पंख्याच्या वाऱ्याने निवतं आणि पुन्हा इंजिनात जातं. त्या जाळीला रेडिएटर म्हणतात. एवढं लक्षात ठेवलंत तर पुरे.

आणि आता आणखी एक कल्पना करा. ही जरा अवघड आहे. त्या बारीक नळ्या कशाने तुंबल्या, हे साऱ्या जगात फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. कारण त्या तुम्हीच तुंबवल्यात.

अकरा वर्षांच्या अपेक्षाच्या पोटात त्या सकाळी हेच होतं.

परळला हिंदमातापाशी, रस्त्याच्या कडेला, नऊ वाजून वीस मिनिटांनी तिच्या आजोबांनी गाडी थांबवली. थांबवावीच लागली. तापमानाचा काटा लाल रेघेच्या पलीकडे जाऊन टेकला होता आणि गाडीच्या नाकातून वाफेचा फुत्कार निघत होता. दोन बस मागे हॉर्न वाजवत अडकल्या. एक रिकामी टॅक्सी शेजारून जाताना ड्रायव्हर ओरडला, "काका, चाय उबल गया!"

आजोबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते घड्याळाकडे बघत होते.

मागे, गाडीच्या पोटात, आजी फळीवर आडवी होती. तिचं नाव रखमा. तीन वर्षांपूर्वी ती नळावर घसरून पडली, पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिला पाच मिनिटांच्या वर बसवत नाही. टॅक्सीत बसवत नाही, बसमध्ये तर नाहीच. मग आजोबांनी, म्हणजे कुशाबांनी, ही जुनी डिझेल व्हॅन घेतली. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं टेम्पो चालवला होता, त्यामुळे गाडीची भीती नव्हती. मागची सगळी आसनं काढून त्यांनी आजीच्या मापाची फळी बसवली, फळीला कठडा केला, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी ठेवली, आणि झोपलेल्या आजीच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीला एक खिडकी कापली. चाळीतली पोरं तिला घरगाडी म्हणत. त्या खिडकीतून आजीने शिवडीची खाडी बघितली, माहीमच्या बहिणीचं दार बघितलं, मालवणजवळचं आपलं गाव बघितलं. नाहीतर तिला तळमजल्याच्या खोलीतली चौकट आणि समोरच्या भिंतीवरचं मीटर, एवढंच दिसायचं.

आज त्या गाडीची तपासणी होती. गाडी जुनी, तिचा परवाना पुढे चालू राहायचा तर तिने वडाळ्याच्या मैदानात जाऊन धूर, ब्रेक, दिवे सगळं दाखवायचं होतं. आधीच्या दोन तारखांना ती नापास झाली होती. ही तिसरी आणि शेवटची. साडेबाराच्या आत मैदानाच्या फाटकातून आत जायला हवं. नाही गेली तर गाडी भंगारात, आणि आजी भिंतीवरच्या मीटरसमोर.

आईबाबा कामावर गेले होते. आजीला घरी एकटीला ठेवता येत नव्हतं, म्हणून तीही सोबत निघाली होती.

"काय झाला?" आजीने आतून विचारलं.

"काही नाही, जरा गरम झाली," आजोबा म्हणाले, आणि खिशातला रुमाल हाताला गुंडाळून पुढे रेडिएटरच्या झाकणाकडे धावले.

"आजोबा, नको!" अपेक्षा किंचाळली. ती एवढ्या जोरात किंचाळली की बसस्टॉपवरच्या माणसांनी माना वळवल्या.

तिचं बरोबर होतं, बरं का. घट्ट झाकणाखाली पाणी दाबलेलं असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि उकळतं पाणी वाफेसकट एका झटक्यात तोंडावर उडतं. चांगले चांगले ड्रायव्हर असे भाजलेत. आजोबांनाही हे ठाऊक होतं. पण माणूस घायकुतीला आला की ठाऊक असलेलंच आधी विसरतो. त्यांनी हात मागे घेतला, फुटपाथवर बसले आणि स्टॅनलीला फोन लावला.

स्टॅनली दादरच्या एका वाडीत राहायचा. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच असलेल्या ख्रिस्ती घरातला, आजोबांच्या वयाचा, जन्मभर गॅरेजमध्ये काढलेला. वीस मिनिटांत तो स्कूटरवरून आला. पायांपाशी हत्यारांची पिशवी, डोक्यावर हेल्मेटच्या खाली हातरुमाल.

"कुशा, तुला किती वेळा सांगितलं, या म्हातारीला रिटायर कर."

"स्टॅनली, मस्करी नको."

"मी गाडीला म्हणतो. रखमावहिनी, तुम्हाला नाय हां!"

"माका म्हटलंस तरी चलात," आजी आतून म्हणाली. "पण गाडी चालू कर आधी."

स्टॅनलीने हात जाळीच्या जवळ नेला, न टेकवता. "अजून वीस मिनिटं कोण हात लावणार नाय."

"वीस मिनिटं? स्टॅनल्या, साडेबाराला फाटक बंद होतं!"

"मग आता उघड आणि हॉस्पिटलात जा. ते काय, चालत पाच मिनिटांवर आहे."

वीस मिनिटं. अपेक्षा गाडीच्या मागच्या दाराशी बसून राहिली. आजीचा हात कठड्यावरून खाली लोंबत होता, तो तिने धरला आणि लगेच सोडला. त्या हातालाही सगळं कळेल असं तिला वाटलं.

झालं होतं असं. काल संध्याकाळी तिने गाडीखाली पाण्याचे थेंब पाहिले. टप, टप, रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून. तिला आठवलं, दोन वर्षांपूर्वी असंच गळत होतं तेव्हा स्टॅनली अंकलने थंड इंजिनाचं झाकण उघडून चिमूटभर हळद पाण्यात टाकली होती. जुन्या ड्रायव्हरांची ती युक्ती. हळद पाण्यात फुगते, वाहत वाहत बारीक छिद्रात जाऊन बसते आणि गळती थांबते. "एवढीशी," स्टॅनली अंकल तेव्हा म्हणाला होता आणि दोन बोटं दाखवली होती. पण अपेक्षाने विचार केला की उद्या तर गाडीची परीक्षा आहे. चिमूटभराने एक दिवस थांबत असेल, तर जास्तीने पक्कं थांबेल. गावाहून आलेली, घरच्या जात्यावर भरडलेली पाव किलो हळद डब्यात होती. तिने ती सगळी ओतली. कुणालाच सांगितलं नाही, कारण सकाळी सगळ्यांना चकित करायचं होतं.

आणि सकाळी गाडीखाली खरोखरच एकही थेंब नव्हता! ती शाळेत पहिली आल्यासारखी खूश झाली होती.

दहा वाजता स्टॅनलीने झाकणावर फडकं टाकून ते अर्धंच फिरवलं, फुस्स करून उरलेली वाफ जाऊ दिली आणि मग पूर्ण उघडलं. पाणी कमी होतं, तेवढं त्याने घातलं. वर नारिंगी फेस तरंगत होता.

"गंज," आजोबा म्हणाले.

"असेल," स्टॅनली म्हणाला. "आधी सोपं बघू. अपेक्षा, इकडे ये. हे शिकून ठेव. गाडी गरम झाली की उगाच सगळं खोलायचं नाय. पाणी आहे का, वारा आहे का, पाणी फिरतंय का. तीनच प्रश्न."

त्याने पंख्याच्या पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा दोन बोटं आत गेला.

"हा बघ सैल! सैल पट्टा म्हणजे पंखा हळू. पंप पण हळू."

बाळांनो, अपेक्षाला त्या पट्ट्याच्या सैलपणाचा एवढा आनंद झाला म्हणून सांगू! पट्टाच होता तर! हळदीचं काहीच नव्हतं! तिने पटापट पाने हातात दिले, टॉर्च धरला. स्टॅनलीने पट्टा ताणला, गाडी चालू केली. काटा चढू लागला. हळूहळू चढला, पण थांबला नाही. लाल रेघेच्या आधीच त्याने इंजिन बंद केलं.

"पट्टा नाय," तो म्हणाला.

अपेक्षाने टॉर्च बंद केला.

"मग थर्मोस्टॅट," आजोबा म्हणाले. ते आता उभेही राहू शकत नव्हते आणि बसूही शकत नव्हते. गाडीभोवती फेऱ्या घालत होते. "तोच अडकला असणार."

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं छोटं दार. इंजिन थंड असताना ते बंद राहतं, गरम झालं की आपसूक उघडतं. ते अडकलं तर पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. पण तो काढायचा तर इंजिन पुन्हा जरा निवायला हवं. आणखी दहा मिनिटं गेली. आजोबांनी ती उभ्याने मोजली.

स्टॅनलीने दोन बोल्ट सोडून ते दार बाहेर काढलं. पितळेचं, लिंबाएवढं.

फुटपाथवर सुंदराबाईची चहाची टपरी होती. ती मघापासून कमरेवर हात ठेवून हा खेळ बघत होती.

"बाई, उकळतं पाणी द्या जरा. चहाचं नको, साधं."

"कशाला?"

"हे बुडवायचंय."

सुंदराबाईने त्या तेलकट पितळेकडे पाहिलं. "पंचवीस वर्षं टपरी चालवते. माझ्या टोपात लोखंड पहिल्यांदाच शिजतंय."

पण तिने जुना टोप काढला, पाणी ओतलं, शेगडी मोठी केली. स्टॅनलीने तारेला बांधून ते दार पाण्यात सोडलं. सगळे वाकून बघू लागले. अपेक्षा सगळ्यात पुढे, हात जोडून. उघडू नकोस, ती मनात म्हणत होती. देवा, हे उघडू देऊ नकोस, हेच बिघडलेलं असू दे.

पाण्याला बुडबुडे आले. पितळेचं दार हळूच, अगदी शहाण्या मुलासारखं, उघडलं.

"एकदम फर्स्ट क्लास चालतं," स्टॅनली म्हणाला.

पावणेअकरा झाले होते. स्टॅनली परत गाडीशी आला आणि जाळीवरून तळहात फिरवू लागला, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आजारी मुलाचं कपाळ बघावं तसा.

"वरती चटका बसतो. मधे थंड. इथे थंड. खालचा पाईप पण थंड." तो सरळ उभा राहिला. "कुशा, नळ्या तुंबल्यात. पाणी उतरतच नाय."

त्याने झाकणाच्या तोंडात बोट घातलं, त्या नारिंगी फेसाखालून चिखल बाहेर काढला, नाकाशी नेला. मग आजोबांच्या नाकाशी नेला.

"हळद."

"तूच टाकलेली ना मागे," आजोबा म्हणाले.

"मी टाकली दोन वर्षांमागे. चिमूटभर! हे बघ, हे काय चिमूटभर आहे? हा पिठल्याचा गोळा आहे. कालपरवाचा. किती टाकलीस?"

"मी कशाला टाकू?"

"मग काय मी येऊन टाकली चोरून?"

"तुझ्याच डोक्यात असलं येतं. गॅरेजवाल्यांची अर्धवट अक्कल!" आजोबांचा आवाज चढला होता. साडेबाराची भीती त्या आवाजात होती, पण बाहेर आला तो राग. "चाळीस वर्षं तुझ्या असल्याच युक्त्या ऐकतोय. तुझ्यामुळे माझी बायको भिंतीकडे बघत मरेल."

स्टॅनलीने खाली वाकून पाने एकेक करून पिशवीत भरायला सुरुवात केली. पहिला भरला. दुसरा भरला.

अपेक्षा बोलली तर आजोबा तिच्याकडे त्याच डोळ्यांनी बघतील. नाही बोलली तर स्टॅनली अंकल जाईल आणि मग गाडीही जाईल. स्टॅनलीने पिशवीची चेन ओढली.

"मी टाकली," ती म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. बस जात होती.

"आजोबा, मी टाकली! काल. सगळी. डब्यातली सगळी." आणि मग शब्द थांबेनात. "गळत होतं म्हणून टाकली. मला वाटलं जास्त टाकली तर जास्त चांगलं होईल. सकाळी गळायचं थांबलं पण होतं. अंकलने काही नाही केलं. पट्टा बघत होता तेव्हाच सांगायचं होतं, मला वाटलं पट्टाच असेल."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी हात उचलला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. पण तो हात तिच्या अंगावर आला नाही. आजोबांनी तो स्वतःच्याच तोंडावरून फिरवला आणि ते फुटपाथच्या कडेला खाली बसले. तिला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

"अहो," आजीचा आवाज आला. "चेडवाक रडवू नका. ती हळद माझी होती, माझ्यासाठीच गेली."

स्टॅनलीने पिशवीची चेन पुन्हा उघडली. "तासभर आधी बोलली असतीस तर तासभर वाचला असता," तो अपेक्षाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण त्याने ते गोडही करून सांगितलं नाही. "आता रडायला टाईम नाय. पाणी पाहिजे, प्रेशरने. पळ."

ती पळाली. समोरच्या इमारतीत वॉचमन गाड्या धूत होता. तिने त्याला काय सांगितलं ते तिलाही नंतर आठवेना, पण तो लांबलचक पाईप घेऊन तिच्यामागे आला. स्टॅनलीने रेडिएटरची खालची रबरी नळी काढली आणि पाईपचं तोंड तिथे घट्ट दाबून धरलं. पाणी नेहमी वरून खाली उतरतं, त्याने ते खालून वर घातलं. कचरा ज्या बाजूने अडकला असेल त्याच्या उलट बाजूने ढकलायचा, म्हणजे तो सुटतो. वरच्या तोंडातून पिवळा लगदा बाहेर यायला लागला. रस्ता पिवळा झाला, स्टॅनलीचा शर्ट पिवळा झाला, एक कावळा येऊन बघून गेला. सुंदराबाई म्हणाली, "गाडीचं लगीनच लावलंत की!" कोणी हसलं नाही.

साडेअकरा झाले तरी पाणी पिवळंच येत होतं.

"अर्ध्या नळ्या उघडल्या असतील," स्टॅनली म्हणाला. "बाकीच्यांत चिकटून बसलीय. रेडिएटर उतरवून, खोलून, सळई घालून साफ करायला पाहिजे. दिवसाचं काम."

"म्हणजे संपलं," आजोबा म्हणाले.

"अर्ध्या रेडिएटरवर वडाळा नाय होणार. सिग्नलला उभी राहिली की चढणार." स्टॅनली गाडीच्या आत डोकावला, डॅशबोर्डच्या खाली, आणि तसाच थांबला. "कुशा. ही गाडी तू कोणाकडून घेतलीस?"

"एक माणूस होता, सिमल्याला टुरिस्ट फिरवायचा. का?"

"सिमल्याला. म्हणजे हीटर आहे."

"आहे. पहिल्याच दिवशी मी त्याचा नळ बंद केला. मुंबईत हीटर कोण लावतं?"

"बंद केला! म्हणजे त्यात हळद गेलीच नाय!" स्टॅनलीने डॅशबोर्डवर थाप मारली. "अरे, हीटर म्हणजे काय? छोटा रेडिएटर. इंजिनाचं तेच गरम पाणी त्यात येतं, त्याचा पंखा ती धग गाडीत फेकतो. फुल लावला तर इंजिनाचा बराच भार घेईल."

आजोबा उठून उभे राहिले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं. हीटरची हवा पुढे येत नव्हती. त्या सिमलेवाल्याने ती मागे, प्रवाशांच्या पायांशी वळवली होती. तिथे आता आजीची फळी होती.

"नाही," ते म्हणाले. "मे महिना आहे. आत आताच भट्टी झालीय. ती भाजून निघेल."

"रस्त्यावर ठेवता येईल का वहिनींना तासभर?"

"पाठीची फळी सपाट नसली तर तिला..." आजोबा म्हणाले.

"माका कोण विचारतलो की नाय?" आजी म्हणाली. "चाळीस वर्सां चुलीफुडे काढलंय मी. लाव तो हीटर."

तो नळ गंजून बसला होता. पकडीने तीनदा निसटला, चौथ्यांदा फिरला. पाणी पुन्हा भरलं, नळ्यांत अडकलेली हवा काढली. थर्मोस्टॅट बसवलाच नाही, तेवढीच वाट मोकळी. पावणेबाराला गाडी चालू झाली. स्टॅनली पुढे आजोबांच्या शेजारी काट्यावर डोळा ठेवून बसला आणि अपेक्षा मागे आजीजवळ, बादली आणि दोन टॉवेल घेऊन.

"पुलावर चढू नको, खालून घे. चढावर इंजिनाला जोर लागतो," स्टॅनलीचं पुढे चाललं होतं. "गिअर वरचा ठेव. रेस मारू नको. पुढे मोकळं दिसलं तर नुसती सोडून दे."

मागे हीटर सुरू झाला आणि कुकरचं झाकण काढल्यासारखा वारा आला. अपेक्षाने टॉवेल भिजवून आजीच्या कपाळावर ठेवला, दुसरा छातीवर. पहिला कोमट झाला, तो काढला, दुसरा भिजवला. दादर टीटीच्या सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा आजीचे ओठ पांढरे पडले होते.

"काटा?" अपेक्षा ओरडून विचारायची.

"मध्ये!" स्टॅनली ओरडायचा. मग, "जरा वर!" मग, "चल बाबा, हिरवा हो, हिरवा हो!"

फाइव्ह गार्डन्सच्या झाडांखालून जाताना जरा सावली लागली. आजीने डोळे उघडून खिडकीबाहेर पाहिलं. "केवढी झाडां," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. बादलीतलं पाणी आता हाताला गरम लागत होतं.

"आजी, थांबवू का गाडी?"

"गप रव. टॉवेल दी."

बारा वाजून आठ मिनिटांनी ते वडाळ्याच्या मैदानापाशी पोचले. पोचले म्हणजे फाटक दिसलं. फाटकापुढे रांग होती. टेम्पो, शाळेची बस, दोन टॅक्सी, पुन्हा टेम्पो. अपेक्षाने दारातून वाकून मोजल्या. त्यांच्या पुढे नऊ गाड्या होत्या. रांग दर तीन मिनिटांनी एका गाडीएवढी सरकत होती, आणि मध्येच सरकायची थांबत होती.

"चढतोय," स्टॅनली हळू आवाजात म्हणाला. उभ्या गाडीला समोरचा वारा नसतो. काटा लाल रेघेच्या बोटभर खाली होता.

"बंद करू?"

"बॅटरी अशक्त आहे, सारखी बंद-चालू केली तर बसेल; बंद केली तर प्रत्येक वेळी ढकलावी लागेल. कोण ढकलणार? मी की ही पोरगी? दोन टन वजन आहे."

आजोबांनी इंजिन बंद केलं. स्टॅनली खाली उतरला, अपेक्षाही उतरली, दोघांनी मागून खांदे लावले. गाडी जागची हलली नाही. आजोबा दार उघडून, स्टेअरिंग धरून, एक पाय जमिनीला रेटत जोर लावत होते. त्यांच्या गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. पुढची गाडी एक जागा सरकली आणि त्यांच्यापुढे मोकळी जागा पडली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला.

"बारा चौदा," आजोबा म्हणाले. त्यांनी स्टेअरिंग सोडलं नाही, पण कपाळ त्याच्यावर टेकवलं. "स्टॅनली, ने या पोरीला घरी. रखमाला... मी काय सांगू तिला?"

अपेक्षाने दारातून पाहिलं. आजीचे डोळे उघडे होते, ती छताकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून वाहत होतं तो घाम होता की डोळ्यांतलं पाणी, हे सांगता येत नव्हतं. तिने हाताने कठडा घट्ट धरला होता.

अपेक्षाने तिला टॉवेल दिला. मग ती वळली आणि रांगेच्या कडेने पुढे चालत गेली. त्यांच्या पुढे आता आठ गाड्या होत्या. लगेच पुढच्या टेम्पोची खिडकी उंच होती, तिला पायरीवर चढावं लागलं. आत एक मिशीवाला माणूस डबा खात होता.

"काका," ती म्हणाली. "माझ्या आजीला बसता येत नाही. ती त्या गाडीत आडवी आहे. मी काल रेडिएटरमध्ये पाव किलो हळद टाकली आणि गाडी तुंबवली. फक्त मीच केलं. गाडी उभी राहिली की तापते. आम्हाला तुमच्या पुढे जाऊ द्याल?"

मिशीवाल्याचा घास हातातच राहिला. "पाव किलो?"

"हो."

त्याने वाकून मागच्या व्हॅनकडे पाहिलं, स्टेअरिंगवर डोकं टेकलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग डबा सीटवर ठेवला, टेम्पो चालू केला आणि चाकं फुटपाथवर चढवून बाजूला घेतली.

"पाव किलो," तो स्वतःशीच म्हणाला.

अजून सात गाड्या उरल्या होत्या. अपेक्षा पायरीवरून उतरली, फ्रॉकला हात पुसले आणि शाळेच्या बसकडे गेली. तिचा दरवाजा बंद होता. तिने तो वाजवला.